अक्कलदाढ नावाचा डोह

"सदर इसम पुरुष असून वय अठ्ठावन्न पूर्ण. बांधा सडपातळ. उंची मध्यम. रंग गव्हाळ, कामाच्या वेळेत प्लास्टरच्या भुकटीमुळे पांढरा. व्यवसाय: कृत्रिम दंतपंक्ती तयार करणे. स्वतःचे दात: सर्व जागेवर. ओळखण्याची खूण: बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न पाहता तोंडात पाहतात. विवाहित. पायी भ्रमंतीचा अनुभव: दीर्घ. विशेष प्रावीण्य: खोल पाण्यातून मार्ग काढणे. सबब, सदर इसमाची 'मानद घळसोबती' या पदावर, विनामोबदला, पुढील आदेश होईपर्यंत नेमणूक करण्यात येत आहे."

हा कागद वनखात्याच्या कचेरीत फायलीला लावलेला आहे. त्याची एक प्रत सदर इसमाच्या, म्हणजे कवळीवाल्यांच्या कार्यशाळेत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर टांगलेली आहे. खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात त्या वेळी साच्याचा गुलाबी लगदा असतो. त्यामुळे त्याला कागद वाचता येतो, पण त्यावर काही विचारता येत नाही. कवळीवाल्यांनी ही जागा विचारपूर्वक निवडली असावी. उंचीच्या बाबतीत खात्याने थोडी मेहेरबानी केलेली आहे. विशेष प्रावीण्याच्या बाबतीत किती केली आहे, हे ज्याचं त्याने शेवटी ठरवावं. सुरुवातीला एवढंच नोंदवलेलं बरं, की सदर इसमास पोहता येत नाही.

कार्यशाळा म्हणजे दातांच्या दवाखान्यामागची एक खोली. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर मेणाचा दिवा, छोट्या सुऱ्या, घासायचं चाक. भिंतीवरच्या फळ्यांवर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे जबडे प्लास्टरमध्ये मांडलेले. प्रत्येकाखाली चिठ्ठी: 'निवृत्त न्यायाधीश, वरचा', 'गाणं शिकवणाऱ्या बाई, खालचा'. गावात एकमेकांचं तोंड न पाहणारे बरेच लोक या फळ्यांवर शेजारी शेजारी बसून हसत असतात. कवळीवाले दिवसभर त्यांच्यात असत आणि आठवडाभर फारसं बोलत नसत. दाताला दात नीट बसला की मान डोलवत, नाही बसला की चाक लावत. त्यांचं खरं आयुष्य रविवारी सुरू होई.

गावाच्या मागे डोंगर आहे आणि डोंगरावर दाट जंगल. या जंगलात पाण्याने कातळ इतका खोल चिरलेला आहे, की वरून बघणाऱ्याला नुसती झाडं दिसतात. मधे घळ आहे हे पुढचं पाऊल टाकायला जमीन उरली नाही म्हणजे समजतं. त्यामुळे शहाणी माणसं घळीत खालून शिरतात. कवळीवाले रविवारी सकाळी जुन्या गिरणीच्या थांब्यावर बसमधून उतरत, नदी जिथे डोंगरातून बाहेर पडते तिथे बूट पाण्यात घालत आणि प्रवाहाच्या विरुद्ध चालू लागत. खालून वर जाण्याचं त्यांचं तत्त्व होतं. पाणी समोरून आलं म्हणजे काय येतंय ते दिसतं, असं ते सांगत.

घळीतल्या जागांना त्यांनी स्वतःच नावं दिली होती, आणि माणूस ज्या धंद्यात असेल त्या धंद्याबाहेरचं नाव त्याला सुचत नाही. तोंडाशी उभे दोन चौकोनी खडक ते पुढचे दात. त्यांच्यानंतर डावी-उजवीकडून आत घुसलेल्या दोन टोकदार कडा ते सुळे. तिथे अंग तिरकं करून जावं लागे. पुढे गोल गुळगुळीत धोंड्यांची रांग, म्हणजे दाढा. वर आभाळाची एक पट्टी उरे, तिच्यात दोन्ही काठांवरच्या झाडांच्या फांद्या एकमेकींना टेकलेल्या असत आणि उजेड हिरवा होऊन खाली येई. तिथे पोचलं की कवळीवाले शीळ घालत. घरी त्यांना शीळ घालायची बंदी होती, असं नाही. पण घरी त्यांना ती सुचत नसे.

आणि सगळ्यात शेवटी, दोन्ही कडा जिथे जवळ येऊन वळण घेतात तिथे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेला काळा डोह होता. त्याचं नाव अक्कलदाढ. वळणापलीकडून पाणी पडल्याचा आवाज येई, पण दिसत काही नसे. बाजूने जायला बोटभर कंगोरा नव्हता. पहिल्याच भेटीत कवळीवाल्यांनी काठावरून हातातली काठी डोहात घालून पाहिली होती. काठी मुठीपर्यंत आत गेली आणि तळाला लागली नाही. त्या दिवसापासून अक्कलदाढ अथांग ठरली. कवळीवाले काठावर बसून थर्मासमधला चहा पीत, पाण्याकडे आदराने बघत आणि परत फिरत. घळ त्यांनी पूर्ण पाहिली आहे असं सगळा गाव समजत असे. त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

या सुखात एकच खडा होता. डोहाच्या काठाला दर रविवारी संत्र्याची एक साल तरंगत येई. एकसंध, न तुटलेली, लांबलचक वेटोळी साल. कवळीवाले ती काठीने ओढून घेत, पिशवीत घालत आणि परतीच्या बसमध्ये पूर्ण वेळ त्या अज्ञात माणसाला मनातल्या मनात सुनावत. वर जंगलात कुठेतरी सहलीला येणारा कोणी बेशिस्त गृहस्थ असावा, असा त्यांचा कयास होता. सालीवरून त्यांनी त्याचं वर्णनही पक्कं केलं होतं. जाडा, आळशी, पुढचे दात पडलेले. कारण दात असलेला माणूस संत्र्याला आधी दात लावतो आणि साल तुकड्यांनी काढतो. घरी आल्यावर ते साल बायकोला दाखवत आणि म्हणत, "हा बघ, आजही येऊन गेला, बोळका कुठला." बायको साल हातात घेऊन बघे, बरं म्हणे आणि केराच्या डब्यात टाके.

ही बायको बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीमागे बसत असे. गावात सगळे तिला चौकशीबाई म्हणत. कुठली गाडी कुठून कुठे जाते, कुठे वळते, कुठल्या पुलाखालून येते आणि पावसात कुठे अडकते हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. अट एकच, विचारायला हवं. खिडकीचा नियम तिने आयुष्याला लावला होता: विचारेल त्याला सांगायचं, विचारेल तेवढंच सांगायचं. समोरचा भलत्या फलाटाकडे निघाला तरी त्याने तोंड उघडेपर्यंत ती पेन्सिलीला टोक काढत राही. ती नवऱ्यापेक्षा उंच होती. लग्नाच्या फोटोत हे दिसू नये म्हणून फोटोग्राफरने तिला खुर्चीवर बसवलं होतं, आणि तेव्हापासून आपलं सगळं बसूनच चाललंय असं ती म्हणे.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा. तोही रविवारी घळ हिंडायला जाई, पण वेगळ्या घळीत. निदान दोघा पुरुषांचं तसं म्हणणं होतं. मेहुणा डेपोच्या दुसऱ्या फलाटावरून सुटणारी, उलट दिशेला जाणारी बस पकडून खाणीच्या फाट्यावर उतरे आणि डोंगरावरून घळीत खाली जाई. आपण वरून खाली जाणारी माणसं, असं तो भावोजींना ऐकवी. खालून वर जायला लिफ्ट असते. त्याची घळ प्रशस्त होती, तिच्यात नेचे होते, कोळ्यांची जाळी होती, उन्हाचे पट्टे होते. फक्त एका जागी तळ संपे आणि पाणी एका गुळगुळीत घसरगुंडीवरून खालच्या अंधारात जाई. तिथे मेहुणा थांबत असे. ज्याला दोर आणि समतोलाचं वजन नाही अशा कशावरूनही खाली जायचं नाही, हे त्याच्या धंद्याचं पहिलं कलम होतं. शिवाय पोहणं त्या घराण्यात कोणालाच येत नव्हतं.

दर रविवारी संध्याकाळी मेहुणा बहिणीकडे जेवायला येई. एका बाजूला कवळीवाले, दुसऱ्या बाजूला मेहुणा, मधे ताई. कवळीवाले आपल्या घळीचं वर्णन करीत आणि शेवटी बोळक्या माणसाच्या सालीवर येत. त्याच वेळी मेहुणा आपल्या घळीचं वर्णन करी: घसरगुंडीच्या काठावर बसायचं, संत्रं सोलायचं, साल तुटू द्यायची नाही, आणि शेवटी ती पाण्याला वाहायची. आपली एक सलामी, भावोजी. या दोन गोष्टी एकाच पंगतीत, एकाच वेळी, वर्षानुवर्षं सांगितल्या जात होत्या. दोघेही चांगले बोलणारे होते. ऐकणारी फक्त एक होती, आणि तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

असं आणखी बरंच चाललं असतं. पण वनखात्याने एक सूचना काढली आणि ती डेपोच्या भिंतीवर, चौकशीच्या खिडकीशेजारीच चिकटवली. जंगलाला विश्रांती मिळावी म्हणून यापुढे पायी फिरण्यासाठी फक्त एक घळ खुली राहील. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार जाता येणारी असावी. महिनाअखेर रेंजरसाहेब पाहणी करतील. बाकीच्या घळींना तारेचं कुंपण. खाली बारीक अक्षरांत असंही होतं, की खुली राहणारी घळ 'सुलभ' आढळल्यास तिथे सिमेंटच्या पायऱ्या, कठडे, बाकं आणि तिकीट खिडकी करण्यात येईल. 'दुर्गम' आढळल्यास फक्त एक फलक लावून सोबती नेमण्यात येईल. बारीक अक्षरं वाचायची सवय गावात एकीलाच होती.

त्या रविवारी जेवणाच्या ताटावर प्रथमच दोघेही गप्प होते. मग दोघांनीही एकाच वेळी आपली घळ आरपार आहे असं जाहीर केलं. कवळीवाल्यांनी मेहुण्याला विचारलं, घसरगुंडीचं काय? मेहुण्याने विचारलं, डोहाचं काय? दोघांनीही वाटीत बघितलं. जो हरेल त्याचा रविवार गेला, हे दोघांना कळत होतं. कवळीवाल्यांना त्या रात्री प्रथमच जाणवलं, की शीळ घालायला त्यांच्याकडे दुसरी जागा नाही.

चौकशीबाईंचं गणित वेगळं होतं. यातला कोणीही हरला तरी तो रविवारी तिच्या घरात बसणार होता. रविवार हा तिला खिडकीबाहेरचा एकच दिवस मिळे. तो ती पाय लांब करून, दार लावून, कोणाच्याही प्रश्नाशिवाय घालवत असे.

कवळीवाल्यांनी पोहायला शिकायचं ठरवलं. नगरपालिकेच्या तलावावर सकाळच्या वर्गाला ते जाऊ लागले. बाकीचे विद्यार्थी त्यांच्या कमरेएवढे होते आणि माशासारखे सुळसुळत होते. कवळीवाले उथळ भागात उभे राहत, छातीपुढे हात मारत, तोंडाने फुसफुस आवाज काढत आणि मोठ्या निश्चयाने या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. लांबून पाहणाऱ्याला वाटे, म्हातारा सुरेख पोहतो. तलावावरचा शिक्षक जवळून पाहणारा होता. दोन आठवडे त्याने संयम ठेवला आणि मग एके दिवशी काठावर उकिडवा बसून सांगितलं, "काका, तुम्ही वरून पोहता आणि खालून चालता." कवळीवाल्यांनी ते मान्य केलं. पाय उचलायचं त्यांच्याकडून होत नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट पक्क्या तळावर बसवली, त्याला तरंगणं म्हणजे फसवणूक वाटत असावी.

पाहणीच्या आधीच्या रविवारी त्यांनी ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब, हवा भरायचा पंप आणि घरातली कपडे वाळत घालायची दोरी पिशवीत भरली. दोरी कुठे चालली म्हणून बायकोने विचारलं. त्यांनी डोहाचं सांगितलं, आणि पहिल्यांदाच पोहण्याचंही खरं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पायात बूट चढवले.

"तू कशाला?" कवळीवाले म्हणाले.

"दोरीचं दुसरं टोक कोण धरणार?" ती म्हणाली. "आणि माझी दोरी आहे ती."

ती पहिल्यांदाच घळीत येत होती. कवळीवाले पुढचे दात, सुळे, दाढा दाखवत चालले होते आणि ती मागून, कोरडा धोंडा बघून पाय ठेवत येत होती. सुळ्यांच्या फटीतून ती सरळ निघाली. कवळीवाल्यांना मात्र पिशवीमुळे दोनदा मागे यावं लागलं. हिरव्या उजेडाच्या जागी ती थांबली. वर बघितलं, मग डोळे मिटले. कवळीवाल्यांना वाटलं, दमली. ती ऐकत होती. तिथे कोणी काही विचारत नव्हतं.

अक्कलदाढेपाशी आल्यावर त्यांनी ट्यूब फुगवली, तिच्यात शिरले, दोरी कमरेला बांधली. काठावरच्या त्या नेहमीच्या जागेकडे त्यांनी पाहिलं, जिथे काठी गेली होती, आणि अर्थातच तिथून न उतरता हातभर बाजूने उतरले. भिऊन घेतलेला निर्णय कधी कधी इतका अचूक असतो. पाण्यात शिरताना त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. हात मारायला सुरुवात केली, फुसफुस केली. जरा वेळाने त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ट्यूब वर, काखेत आली होती. पाय वाळूवर होते.

ते थांबले. उभे राहिले. पाणी कमरेपर्यंत होतं.

त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, मग आणखी एक. तळ सपाट होता. वाळू बारीक, बाजारात मिळणार नाही इतकी चांगली. पाणी काळं दिसत होतं ते कातळ काळा म्हणून. सगळ्या डोहात माणूसभर खोल असा एकच रांजणखळगा होता, तो काठाला लागून होता, आणि इतक्या वर्षांपूर्वी काठी नेमकी त्यात गेली होती. कवळीवाल्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. ती दोरी हातात धरून, चेहरा सरळ ठेवून उभी होती. हे फार अवघड असावं.

तेवढ्यात वळणापलीकडून एक लांब, वेटोळी, न तुटलेली संत्र्याची साल वाहत आली आणि ट्यूबला टेकली.

कवळीवाल्यांच्या अंगात एकदम बळ आलं. ते ट्यूबसकट वळण पार करून गेले. समोर माणसापेक्षा थोडी उंच, शेवाळलेली घसरगुंडी होती, तिच्यावरून पाणी घसरत होतं, आणि तिच्या माथ्यावर पाय सोडून, मांडीवर रुमाल पसरून, एक जाडा नसलेला, सर्व दात शाबूत असलेला गृहस्थ संत्र्याची फोड तोंडात घालत होता.

मेहुण्याच्या तोंडातली फोड तशीच राहिली.

"भावोजी," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही माझ्या घळीत काय करताय?"

"तुझ्या?" कवळीवाले म्हणाले. "ही माझी अक्कलदाढ आहे. आणि साल कुठे टाकतोस?"

मेहुण्याचं सालीकडे लक्ष नव्हतं. तो भावोजींकडे, त्यांच्या कोरड्या खांद्यांकडे, न हलणाऱ्या हातांकडे बघत होता. त्याच्या नजरेत हळूहळू आदर येत गेला.

"तुम्ही उभ्याने पोहता?"

कवळीवाल्यांनी खरं सांगितलं. मेहुण्याला ते पटलं नाही. खालून आलेल्या माणसाने आधी नाचून दाखवावं, अशी त्याची मागणी होती. कवळीवाल्यांना ट्यूबमध्ये नाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ट्यूब काढली आणि खाली वाकून मूठभर वाळू वर करून दाखवली. मग मेहुण्याने आपला दोर झाडाला बांधला, कप्पी लावली, गाठ तीनदा तपासली आणि धंद्याच्या नियमाप्रमाणे सावकाश, उभ्या उभ्या खाली आला. पाण्यात पाय टेकल्यावर त्याने स्वतः वाकून आणखी एक मूठ वाळू वर काढली.

दोघे वळणावरून परत आले तेव्हा ताई काठावर बसून थर्मासमधला चहा पीत होती.

"ताई, ही घळ एकच आहे," मेहुणा म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "जुन्या गिरणीची गाडी आणि खाणीच्या फाट्याची गाडी एकाच डोंगराला दोन्हीकडून वळसा घालतात. पलीकडच्या पुलावर समोरासमोर येतात. मधे आणखी एक नदी बसवायला जागाच नाही."

"तुला माहीत होतं?"

"सालही ओळखीची होती. ती तशी काढायला याला आईने शिकवलं, मला पण शिकवलं होतं."

कवळीवाल्यांचा आवाज थोडा चढला. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

तिने कप झटकून थर्मासवर बसवला. "एकदा सांगितलं होतं. तुम्ही दोघं बोलत होतात. त्यानंतर कोणी विचारलं नाही."

खिडकीचा नियम भिंतीवर लिहिलेला नसला तरी सगळ्यांना ठाऊक होता.

मग आनंदीआनंद झाला. घळ एक होती, आरपार होती, कोणाचाच रविवार जाणार नव्हता. मेहुणा ट्यूबवर बसून डोहात गोल फिरला. कवळीवाले कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहून शीळ घालू लागले. ताईने उरलेलं संत्रं सोललं, साल न तोडता, आणि ती पाण्यात न टाकता नवऱ्याच्या पिशवीत ठेवली. मग तिने दोघांना बारीक अक्षरांची आठवण करून दिली. पाणी कमरेपर्यंत म्हणजे घळ सुलभ. सुलभ म्हणजे सिमेंट, कठडे, तिकीट खिडकी.

"आठवडाभर माझ्यापुढे रांग असते," ती म्हणाली. "एक जागा बिनरांगेची राहू द्या."

मेहुण्याने विचारलं, साहेबांशी खोटं बोलायचं का? ताईच्या मनाला हा प्रश्नच लागला. खिडकीवर इतकी वर्षं काढली, एकाही माणसाला चुकीची गाडी सांगितलेली नव्हती. कोणी खोटं बोलायचं नाही, असं तिने बजावलं. विचारतील तेवढंच सांगायचं. आणि मग ती नवऱ्याला म्हणाली, "तलावावर काय शिकलात ते जरा दाखवा. फक्त गुडघे वाकवून."

रेंजरसाहेब महिनाअखेर आले. तरुण, सभ्य गृहस्थ. बूट नवे होते आणि ते भिजू नयेत अशी त्यांची मनापासून इच्छा होती. सुळ्यांच्या फटीत त्यांची टोपी अडकली. अक्कलदाढेपाशी आल्यावर त्यांनी काळ्या पाण्याकडे पाहिलं आणि नकळत एक पाऊल मागे घेतलं. सोबत आलेल्या बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, फार खोल आहे का?

"इथे काठी घालून बघा ना," चौकशीबाई म्हणाल्या, आणि जागा दाखवली.

साहेबांनी काठी घातली. काठी मुठीपर्यंत गेली. साहेब काठी बाहेर काढून तिच्याकडे बघत राहिले. बाईंना पुढे काही विचारण्याचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे बाईंनी पुढे काही सांगितलं नाही.

कवळीवाले तोपर्यंत हातभर बाजूने पाण्यात उतरले होते. गळ्याच्या वर त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं. त्यांनी छातीपुढे हात मारले, तोंडाने फुसफुस आवाज काढला, आणि ते डोकं सावकाश, एका उंचीवर, अजिबात वरखाली न होता, काळ्या पाण्यावरून वळणाकडे निघालं. असं संथ पोहणं आपण कुठेही पाहिलेलं नाही, असं साहेबांनी नंतर बोलून दाखवलं. वळणापाशी कवळीवाल्यांच्या पायात एकदम पेटका आला आणि क्षणभर ते कमरेपर्यंत वर उसळले. हे काय झालं, असं साहेबांनी विचारलं. बाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांना मधूनच तसं होतं. तेही खरंच होतं. गुडघ्यांचा त्रास त्यांना होताच.

साहेब जीपने वळसा घालून खाणीच्या फाट्याकडून वर पोचले. बाई पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला कुठे वळायचं ते, त्याने विचारल्यावर, सांगत होत्या. घसरगुंडीच्या माथ्यावर गळ्यापर्यंत भिजलेले कवळीवाले आणि कप्पी पुसत बसलेला मेहुणा त्यांची वाट पाहत होते. खालून गेलेला माणूस वरून निघाला, म्हणजे घळ आरपार आहे, हे सिद्ध झालं. साहेबांनी कवळीवाल्यांशी हात मिळवला. कवळीवाले नेहमीप्रमाणे त्यांच्या तोंडात बघत होते. डावीकडची वरची दाढ दाखवून घ्या, एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर घळ दुर्गम ठरली, नेमणुकीचा कागद आला आणि रविवार पूर्वीसारखे सुरू झाले. मेहुणा वरून येतो, कवळीवाले खालून जातात, डोहापाशी दोघे भेटतात आणि एकाच वेळी बोलतात. चौकशीबाई कधी घरी पाय लांब करून बसतात, कधी हिरव्या उजेडात. संत्र्याची साल आता कोणी पाण्यात टाकत नाही. ती न तुटता कोण काढतं यावर पैज लागते आणि बहुतेक वेळा बाई जिंकतात. घळ बघायला अधूनमधून बाहेरचे लोकही येतात. बहुतेक जण फलकापाशी थांबतात, फोटो काढतात आणि परत जातात. ज्यांना पुढे जायचंच असतं त्यांना मानद घळसोबती आपल्या मागून, हातभर बाजूने, पाण्यात उतरायला सांगतात. ते लोक पलीकडून येतात तेव्हा हसत असतात, पण काय झालं ते सांगत नाहीत. जो पार जातो त्याला कळतं आणि तोही मग त्यांच्यातलाच होतो.

फलक खात्याने पक्क्या लोखंडी खांबांवर बसवला आहे, पिवळ्यावर काळी अक्षरं: 'धोका. अक्कलदाढ डोह. खोली अनिश्चित. निष्णात जलमार्गींनीच सोबत्यासह प्रवेश करावा.'

पाणी कमरेपर्यंत आहे. खाली बसलं तर गळ्यापर्यंत येतं.